‘बारीक झाल्यावर घालीन’

पत्राचा सारांश, ओळख पटेल असे तपशील वगळून:

‘माझं वय ४१. लग्नाला पंधरा वर्षं झाली. दोन मुलं आहेत, नोकरी आहे. दुसऱ्या बाळंतपणात वाढलेलं वजन उतरलंच नाही. पोट सुटलंय, त्यावर चट्टे आहेत, छाती ओघळली आहे. घरी जुने गाऊन आलटूनपालटून घालते, ऑफिसला अंग झाकेल असं काहीतरी. चांगले कपडे कपाटात आहेत, पण ते बारीक झाल्यावर घालायचे म्हणून ठेवलेत. रात्री नवरा जवळ आला की मी आधी दिवा मालवते. तो काही बोलत नाही, पण पूर्वीसारखं कौतुकही करत नाही. मैत्रीण म्हणाली, जरा नटत जा, रात्रीसाठी काहीतरी खास घे. मागवलं. एकदा बाथरूममध्ये घालून बघितलं आणि लगेच उतरवलं. ते टॅगसकट कपाटाच्या तळाशी पडून आहे. कपड्यांनी खरंच आत्मविश्वास येतो का? या वयात, या शरीरावर नटणं बरं दिसेल का? आणि आतून काहीच वाटत नसताना वरवर नटणं ही नवऱ्याची फसवणूक नाही का?’

प्रिय मैत्रिणी,

सरळ उत्तर आधी देते. हो, कपड्यांनी फरक पडतो. पण मैत्रिणीने तुम्हाला जिथून सुरुवात करायला सांगितली ते या कामाचं सगळ्यात अवघड टोक आहे. वर्षानुवर्षं अंधारातच जवळ येण्याची सवय झालेल्या बाईने एकदम कमीत कमी कपड्यांत, भगभगीत उजेडात आरशासमोर उभं राहिल्यावर तिला धीर येईल, ही अपेक्षाच चुकीची होती. त्या दिवशी तुम्ही तो कपडा लगेच उतरवलात यावरून तुमच्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

बार्बरा फ्रेडरिकसन या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे सांगण्याजोगा आहे. विद्यार्थिनींना एकेकटीला खोलीत पाठवून कुणाला पोहण्याचा पोशाख, तर कुणाला स्वेटर घालायला दिला. खोलीत आरसा होता. मग तेच कपडे अंगावर असताना त्यांना गणितं सोडवायला दिली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना गणितं कमी जमली. मुलग्यांवर तसाच प्रयोग केला तेव्हा असा फरक दिसला नाही. खोलीत त्यांच्याकडे बघणारं कुणीही नव्हतं. तरीही ‘मी कशी दिसतेय’ हा प्रश्न डोक्यात इतकी जागा अडवून बसला की बाकीच्या कामाला डोकं कमी पडलं. तुमच्या बाथरूममध्येही दुसरं कुणी नव्हतं. पण तुम्ही तो कपडा अंगाला कसा लागतोय हे बघितलंच नाहीत. तो नवऱ्याच्या डोळ्यांना कसा दिसेल एवढंच बघितलंत, आणि नवऱ्याच्या वतीने निकालही तुम्हीच देऊन टाकलात.

म्हणून माझा सल्ला असा, की रात्र सध्या बाजूला ठेवा. सकाळपासून सुरुवात करू.

तुमचं कपाट आत्ता एका अशा बाईसाठी लावलेलं आहे जी घरात राहत नाही. ती बारीक आहे, तिचे सगळे चांगले कपडे हँगरवर आहेत, आणि तुम्ही उरलेल्यांत भागवताय. रोज सकाळी कपाट उघडलं की पहिली गोष्ट काय कळते? ‘हे तुझं नाही, हेही नाही, अजून नाही.’ दिवसाची सुरुवातच नकाराने होत असेल तर ऑफिसात मान ताठ ठेवायला बळ कुठून आणायचं? ‘बारीक झाल्यावर घालीन’ हा तुम्हाला निर्धार वाटतो. मला त्यात शिक्षा दिसते. वजन उतरेपर्यंत छान दिसायचा हक्क नाही, अशी शिक्षा. आणि शिक्षेने वजन उतरतंच असं नाही. उलट आपल्याच अंगाचा राग असलेल्या माणसाला फिरायला जायचा, व्यायामाला चारचौघांत उभं राहायचा जास्त कंटाळा येतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

तुमच्या पोटाबद्दलही थोडं बोलते, कारण पत्रात त्याचा उल्लेख आहे. बाळंतपणानंतर पोटाचे पुढचे दोन उभे स्नायू मधोमध एकमेकांपासून लांब गेलेले असतात. काही बायकांमध्ये ते पुरते जवळ येत नाहीत. मग वजन कमी झालं तरी पोट पुढे दिसतं. ही चरबीची गोष्टच नव्हे. फिजिओथेरपिस्ट तपासून सांगू शकतात आणि त्यासाठी वेगळे व्यायाम असतात. पोटाचे व्यायाम सुरू करण्याआधी हे तपासून घ्या. पोटावरचे चट्टे कालांतराने फिके होतात, पण पूर्ण जात नाहीत, आणि कुठल्याही क्रीमने ते नाहीसे होत नाहीत. म्हणजे ज्या पोटाची तुम्ही वाट बघताय ते कदाचित कधीच येणार नाही. हे वाचायला कठोर वाटेल, पण माझ्या मते यात सुटका आहे. वाट बघायची नसेल तर चांगला कपडा आजच घालता येतो.

एखादी सुट्टीची दुपार काढा. आज अंगाला नीट न होणारे सगळे कपडे पिशवीत भरून माळ्यावर टाका. टाकून द्या असं म्हणत नाही, तो निर्णय नंतर घेता येईल. पण डोळ्यांसमोरून हलवा. कपाटात फक्त आजच्या अंगाला होणारे कपडे राहू द्या, मग ते चारच असोत. चांगल्यापैकी एखादा थोडासाच घट्ट असेल तर शिंप्याला दाखवा. शिवणीत पुष्कळदा जादा कापड दाबलेलं असतं, ते सोडवून कपडा सैल करता येतो. नवीन घ्यायचं झालं तर मापाच्या आकड्याकडे बघू नका. एका कंपनीचा एल दुसरीकडे एम असतो, तिसरीकडे एक्सएल. ज्या आकड्याला स्वतःला काही पक्का अर्थ नाही, त्यावरून माणसाने दिवस वाईट का घालवावा? आकडा फारच सलत असेल तर घरी आल्यावर लेबल कापून टाका.

कपडा घालून बघताना आरशासमोर पोट आत ओढून उभं राहायचं नाही. खुर्चीवर बसा. पाय जमिनीवर टेकवा, पुढे वाका, चप्पल घातल्यासारखं करा. दोन्ही हात वर करून मागे केस बांधल्यासारखे करा. काखेत रुततंय का, मांड्यांवर ताणलं जातंय का, बसल्यावर कंबरेचा पट्टा पोटात घुसतोय का, हे तेव्हाच कळतं. मग कपडा उतरवून कंबर आणि खांदे बघा. लाल वळ उठले असतील तर तो कपडा दिवसभर तुम्हाला तुमच्या शरीराची वाईट पद्धतीने आठवण करून देत राहील. कितीही सुंदर असला तरी तो सोडा.

सगळ्यात आधी अंतर्वस्त्रं बदला. ही बायका सगळ्यात शेवटी घेतात, कारण ती ‘कुणाला दिसत नाहीत’. बाळंतपण, अंगावर पाजणं, वजनातले चढउतार या सगळ्यानंतर ब्राचं माप बदलतं, आणि कितीतरी जणी लग्नाआधीचंच माप सांगून ब्रा घेत राहतात. नीट बसणाऱ्या ब्राचा पाठीवरचा पट्टा आडवा, सरळ राहतो, पाठीकडून वर सरकत नाही. मधला भाग छातीच्या हाडाला टेकलेला असतो. वजन मुख्यतः पाठीच्या पट्ट्याने पेलायचं असतं, खांद्याच्या पट्ट्यांनी नव्हे. तुमच्या खांद्यांवर खाचा पडत असतील तर पाठीचा पट्टा सैल आहे. नवीन ब्रा सगळ्यात सैल हुकावर नीट बसली पाहिजे, म्हणजे इलॅस्टिक ढिलं पडेल तसतशी ती पुढच्या हुकांवर आवळता येते. ‘छाती ओघळली’ असं तुम्ही लिहिलं आहे. त्यातला बराचसा त्रास चुकीच्या मापाच्या ब्राचा असू शकतो. एक बरोबर मापाची ब्रा घातल्यावर खांदे आपोआप मागे जातात, मान वर येते, आणि वरचा जुनाच कपडा वेगळा बसतो.

आता ते गाऊन. सैल सुती गाऊनमध्ये वाईट काहीच नाही. दमून आलेल्या बाईला घरात मोकळं वाटायला हवं. प्रश्न सैलपणाचा नसून त्या गाऊनच्या अवस्थेचा आहे. काखेत उसवलेला, छातीवर डाग पडलेला, रंग पार विटलेला कपडा आपण पाहुण्याला देणार नाही, मुलांना घालू देणार नाही, स्वतः मात्र वर्षानुवर्षं घालतो. दिवसातला मोठा वेळ तुम्ही ज्या कपड्यांत असता ते ‘काय, चालतंय की’ या वर्गातले असतील तर तुमचं स्वतःबद्दलचं मतही हळूहळू त्याच वर्गात जातं. मला तर वाटतं, पैसे मोजकेच असतील तर समारंभाच्या कपड्यावर घालण्याऐवजी घरात घालायच्या दोन चांगल्या कपड्यांवर घालावेत. मऊ कापड, आवडता रंग, आजच्या मापाचा, खिसा असलेला. तेवढं पुरे.

कपड्यांचा मनावर परिणाम होतो याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. हायो अ‍ॅडम आणि अ‍ॅडम गॅलिन्स्की यांनी २०१२ साली लोकांना पांढरा कोट घालायला दिला. काहींना तो डॉक्टरचा आहे असं सांगितलं, काहींना चित्रकाराचा. कोट तोच होता, पण डॉक्टरचा म्हणून घालणाऱ्यांनी लक्ष लागणारी कामं जास्त नीट केली. पुढे २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्यातला एक प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. म्हणून ‘अमुक घाला आणि आत्मविश्वास मिळवा’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कापडात जादू नाही. त्या प्रयोगातली मला पटलेली गोष्ट एवढीच, की आपण कपड्याला जो अर्थ देतो त्याचा विचार करावा. लाल रंग धीट असतो, काळ्यात बारीक दिसतो, असल्या ठोकताळ्यांपेक्षा तुमच्या आयुष्यात कुठल्या कपड्याला चांगला अर्थ आहे ते शोधा. पहिल्या मुलाखतीला घातलेला शर्ट, बहिणीने दिलेला स्कार्फ, कानातल्यांची एखादी जुनी जोडी. त्यातलं एक अवघड मीटिंगच्या दिवशी अंगावर असू द्या.

ऑफिसात लोक काय म्हणतील ही भीती तुमच्या पत्रात स्पष्ट लिहिलेली नाही, पण ‘बरं दिसेल का’ या प्रश्नात ती आहेच. त्याबद्दलही एक छान प्रयोग झाला आहे. टॉम गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसले होते अशा खोलीत पाठवलं. खोलीतल्या साधारण निम्म्या लोकांचं लक्ष गेलं असेल असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात जवळपास चौथ्या हिश्शाच्या लोकांनाच तो आठवत होता. तुम्ही उद्या आवडीचा रंग घालून गेलात तर एखादी मैत्रीण म्हणेल, ‘अय्या, छान आहे हं!’ आणि बाकीचे आपापल्या कामाला लागतील. तेव्हा एका वेळी एकच बदल करा. एकदम सगळं बदललं की आपल्यालाच आपण परके वाटतो आणि मग दोन दिवसांत गाडी मूळपदावर येते. कुणी कौतुक केलं तर ‘छे, जुनाच आहे’ म्हणू नका. ‘थँक्यू, मलाही आवडतो’ एवढं म्हणा. जीभ अडखळेल, तरी म्हणा.

या वयात नटणं बरं दिसेल का, याचं उत्तर मी देणार नाही. कारण हा प्रश्न तुम्ही कुणाकडे तरी परवानगी मागावी तसा विचारला आहे. ती परवानगी मागायची गरज आहे असं मला मनापासून वाटत नाही.

आता रात्रीकडे येऊ, आणि तुमच्या ‘फसवणूक’ या शब्दाकडे.

तुम्ही धरून चालला आहात की इच्छा आधी आतून यायला हवी, मग तिला शोभेल असं नटायचं, आणि तसं झालं नाही तर ते नाटक. तरुणपणी, नवीन नात्यात पुष्कळदा तसं होतं खरं. पण रोझमेरी बॅसन या कॅनेडियन डॉक्टरांनी २००० साली एक वेगळी मांडणी केली, आणि ती दीर्घ सहवासातल्या असंख्य बायकांना स्वतःच्या अनुभवाशी जुळणारी वाटते. त्या म्हणतात, अनेकींच्या बाबतीत सुरुवातीला इच्छा नसतेच. मन तटस्थ असतं, पण नकारही नसतो. निवांतपणा, स्पर्श, जवळीक मिळाली की शरीर हळूहळू साद देतं आणि इच्छा त्यानंतर जागी होते. याचा अर्थ, अंघोळ करून, केस मोकळे सोडून, अंगाला बरं वाटेल असं काही घालणं ही इच्छेची वाट मोकळी करण्याची तयारी आहे. त्यात खोटं काही नाही.

फरक एकाच ठिकाणी करायचा. मन तटस्थ आहे की मन ‘नको’ म्हणतंय? तटस्थ असेल तर ही तयारी उपयोगी पडेल. ‘नको’ असेल तर नटायचं नाही, जवळही जायचं नाही, आणि त्याबद्दल अपराधी वाटून घ्यायचं नाही. बायकोचं कर्तव्य म्हणून, नवरा दुसरीकडे बघेल या धास्तीने नटलेल्या रात्रीनंतर आत्मविश्वास आणखी खाली जातो. आणि नटल्यावरही मध्येच मन बदललं तर थांबायचा हक्क तुम्हाला आहेच.

विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या लैंगिक जीवनाच्या अभ्यासकांनी १९७० साली एक गोष्ट नोंदवली होती. काही माणसं शृंगारात असताना मनाने बाजूला उभी राहून स्वतःकडेच बघत असतात. पोट कसं दिसतंय, चेहरा कसा होतोय, समोरच्याला काय वाटतंय. हा आतला प्रेक्षक जागा असला की शरीराला सुख कळतच नाही. तुम्ही दिवा मालवता तो नवऱ्याने बघू नये म्हणून. पण हा प्रेक्षक अंधारातही बघतो. त्याला गप्प करायचा मार्ग म्हणजे लक्ष दिसण्यावरून काढून लागण्यावर आणणं. कापड गार आहे की ऊबदार, हात कुठे आहे, श्वास कसा चाललाय. कपड्यांचा खरा उपयोग मला इथे दिसतो. कातडीला सुखावणारा कपडा तुमचं लक्ष दिसण्यावरून स्पर्शाकडे वळवतो.

म्हणून त्या टॅगवाल्या कपड्याबद्दल. तो दिवसा, एकट्याने असताना बाहेर काढा आणि आधी नुसता हातात घ्या. गालाला लावून बघा. खरखरीत, टोचरा, आवळणारा असेल तर परत करा किंवा देऊन टाका, त्यात अपयश नाही. तसल्या घट्ट नायलॉनच्या जाळीदार कपड्यांत घाम अडकतो, खाज सुटते, ओलसरपणाने जंतुसंसर्गही होऊ शकतो. असे कपडे थोडा वेळ ठीक, रात्रभर नकोत. मऊ निघाला तर वरून नेहमीचा गाऊन घालून घरात वावरा. कुणाला दाखवायचा नाही, सांगायचा नाही. तो अंगावर असताना भांडी लावा, फोनवर बोला. आपण परीक्षेला बसलो नाही आहोत हे शरीराला कळू द्या. आणि ‘रात्रीचं खास’ म्हणजे तेच असायला हवं असं कुणी ठरवलं? एखादीला नवऱ्याचा जुना धुवट शर्ट, वरची दोन बटणं सोडून, जास्त शोभतो. एखादीला पायघोळ, पूर्ण बाह्यांचा, पण रेशमासारखा सुळसुळीत गाऊन. ज्यात पोट झाकलेलं राहील आणि पाठ मोकळी असेल असं काही तुम्हाला आवडत असेल तर ते घ्या.

अंगावर काहीतरी ठेवून जवळ येण्यात काहीही कमीपणा नाही. स्तनाच्या ऑपरेशननंतर एक बाई माझ्याकडे यायच्या. नवऱ्यासमोर कपडे काढायच्या कल्पनेनेच त्या आखडून जायच्या, म्हणून जवळीकच बंद झाली होती. त्यांनी पुढून बटणांचा, मऊ सुती, फिकट निळा शर्ट घेतला. नवऱ्याला सांगितलं, हा अंगावर राहील, बटणं मी ठरवीन. किती तरी दिवस एकही बटण निघालं नाही आणि तरीही दोघं रात्री जवळ झोपायला लागली. त्यांना हवी होती ती मोकळीक कपडे काढण्यात नव्हती, ठरवण्याचा हक्क आपल्याकडे असण्यात होती. तुमच्या पोटाच्या बाबतीतही हे करता येईल.

दिव्याचंही तसंच. मिट्ट अंधारातून लख्ख उजेडात जायची गरज नाही. पलीकडच्या खोलीतला दिवा चालू ठेवून दार किलकिलं ठेवा, किंवा पिवळा मंद दिवा पायथ्याशी असू द्या. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी जोडप्यांसाठी स्पर्शाचा एक सराव तयार केला होता, तो आजही समुपदेशक सांगतात. सुरुवातीला छाती आणि जननेंद्रियं वगळून, शरीरसंबंध होणारच नाही असं आधीच ठरवून, आलटूनपालटून फक्त स्पर्श करायचा आणि कसं वाटतंय ते सांगायचं. पुढे काय होणार ही धाकधूक गेली की आतला प्रेक्षक बराच शांत होतो.

आता नवऱ्याच्या मौनाबद्दल. तुम्ही त्याचा अर्थ ‘त्याला मी आवडत नाही’ असा लावला आहे. असेलही, मला माहीत नाही आणि तुम्हालाही माहीत नाही. पण त्याच्या बाजूने बघा. तो जवळ येताच बायको दिवा मालवते. त्याने याचा अर्थ ‘हिला नकोय, हिला मी बघितलेलं आवडत नाही’ असा लावला असेल तर? कौतुक केल्यावर ‘काहीतरीच काय, बघा माझ्याकडे’ असं उत्तर दोन-चारदा मिळालं की पुष्कळ पुरुष कौतुक करणं सोडून देतात. त्याला विचारा, पण ‘मी जाड दिसते का हो?’ असं नको. त्या प्रश्नाला कुठलंही उत्तर दिलं तरी चुकतं. त्याऐवजी रात्रीच्या वेळी नव्हे तर बाहेर चालताना, प्रवासात, डोळ्याला डोळा भिडवायची गरज नसताना सांगा: ‘मला माझ्या पोटाची लाज वाटते म्हणून मी दिवा मालवते. तू नको असतोस म्हणून नाही. मला थोडा वेळ लागेल. तुला माझं काही आवडलं तर बोलत जा, मी उडवून लावणार नाही.’ एवढी चार वाक्यं. पाठ करून म्हटलीत तरी चालतील.

हे फक्त बायकांपुरतं नाही. टक्कल, सुटलेलं पोट, छातीवर वाढलेली चरबी यांपायी बनियन न काढणारे, पोहायला न जाणारे, बायकोजवळ जायचं टाळणारे पुरुषही पत्रं लिहितात. त्यांनाही मापाचा शर्ट, फाटका नसलेला घरातला टी-शर्ट आणि स्वच्छ दाढी एवढ्याचा उपयोग होतो, आणि त्यांनाही ‘काढणार नाही’ म्हणायचा तेवढाच हक्क आहे. पुरुषाची छाती एकाएकी वाढली किंवा दुखू लागली तर मात्र डॉक्टरांना दाखवावं, काही औषधांनी आणि हार्मोनच्या बदलांनी तसं होतं. ज्यांच्या आयुष्यात जोडीदार नाही त्यांनी वरचं सगळं रात्रीचा भाग सोडून वाचावं. खरं तर तोही सोडू नका. स्वतःसाठी मऊ कपडा घालून झोपायला दुसऱ्या माणसाची गरज नाही.

काही गोष्टी कपड्यांच्या हातात नाहीत. नवरा किंवा घरातलं कुणी शरीरावरून सतत टोमणे मारत असेल, चारचौघांत हसं करत असेल, तर तुमच्या कपाटात काही बदलायची गरज नाही. ते वागणं थांबायला हवं, आणि त्यासाठी समुपदेशकाची किंवा जवळच्या माणसाची मदत घ्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. दिवसातले तासन् तास आरशात एकाच अवयवाकडे बघण्यात किंवा आरसा टाळण्यात जात असतील तरीही.

आणि तुमच्या वयात एक साधी तपासणी कराच. थायरॉइडचे विकार, रक्ताची कमतरता, मधुमेह, नैराश्यावरची काही औषधं, रजोनिवृत्तीच्या आधीचे हार्मोनमधले बदल, यांनी इच्छा कमी होऊ शकते, थकवा येऊ शकतो, काहींनी वजनही वाढू शकतं. संबंधाच्या वेळी कोरडेपणामुळे दुखत असेल तर शरीर आपोआपच जवळीक टाळायला शिकतं, आणि आपण समजतो की मनच उडालं. पाण्यात बनवलेलं (वॉटर-बेस्ड), जेल स्वरूपातलं वंगण औषधांच्या दुकानात मिळतं. तेल किंवा पेट्रोलियम जेली वापरू नका, त्याने लॅटेक्सचा निरोध फाटू शकतो. खोकताना-शिंकताना लघवी होत असेल आणि म्हणून तुम्ही गडद, सैल कपडे निवडत असाल तर तेही सांगा, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामांनी त्यात पुष्कळ सुधारणा होते. डॉक्टरांपुढे ‘अशक्तपणा वाटतो’ असं मोघम म्हणू नका. ‘इच्छा कमी झाली आहे’, ‘संबंधाच्या वेळी दुखतं’ असं सरळ सांगा. संकोच वाटला तर कागदावर लिहून तो कागद त्यांच्या हातात द्या.